पौषातले भुंगेरे

बाबा,

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती सांगायला मला इतकी वर्षं लागली, कारण तिच्यात मी खोटं बोलले आहे, आणि तेही तुमच्या तोंडावर. आज रविवार आहे, दुपारची वेळ. अकोल्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसून लिहिते आहे. धाकट्या भावाने त्याच्या बागेतली दिलेली संत्री परातीत काढून ठेवली आहेत आणि घरभर सालीचा वास आहे. तुमच्याशी मी कधी अशा भाषेत बोलले नाही, हे मला माहीत आहे. चांदूर बाजारच्या स्टँडवर उतरले की माझ्या 'मला'चं 'मले' व्हायचं. पण लिहायला बसलं की हात कॉलेजातल्यासारखाच चालतो. तुम्ही समजून घ्याल.

मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. बरोबरीच्या सगळ्यांनी कपाशीवरच्या, तुरीवरच्या अळ्या घेतल्या होत्या. मला सरांनी संत्र्याच्या झाडाच्या खोडावर राहणारे भुंगेरे दिले. हे भुंगेरे खरं तर जमिनीवरचे, पाल्यापाचोळ्यात पळणारे, दुसऱ्या किडी खाऊन जगणारे. पण त्यांतले काही जमीन सोडून झाडावर मुक्काम करतात, दिवसा सालीच्या फटीत दडून बसतात. ते कोणत्या महिन्यात खोडावर चढतात आणि कोणत्या महिन्यात दिसेनासे होतात, एवढंच मला शोधायचं होतं. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी जेवायला बसला होता. आई म्हणाली, "दोन वर्सं किडे मोजाचे? अन् याची डिग्री देते?"

तुम्ही हसला नाहीत. घास तसाच हातात धरून मला विचारलंत, "खोडावरचे मंजे ते काये किडे, लय जोरात धावते ते? बोट लावलं का सालीत घुसते?"

"हाव बाबा, तेच."

"म्या तर त्याईले आजवर मलमाखाली दाबूनच टाकलं. खराब नसते का ते?"

"नाई. ते अळ्या खाते. आपले हायेत ते."

तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. मग आईकडे पाहून म्हणालात, "पाय बरं. इतकी वर्सं घरच्याईलेच मारलं आपन."

तुमचं हे वाक्य मी पुढे वर्गात पुष्कळदा सांगितलं आहे. कोणाचं ते मात्र सांगितलं नाही. 'एक शेतकरी म्हणाले' असं म्हणते.

तुम्ही दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्रत्येक झाडाच्या बुंध्याला मोरचूद आणि चुन्याचं मलम लावायचात, डिंक्याचा रोग लागू नये म्हणून. सगळी बाग निळसर पायमोजे घातल्यासारखी उभी असायची. मला अभ्यासासाठी मलम न लावलेली झाडं पाहिजे होती. दहा. ते मागायला मला दोन दिवस लागले. संध्याकाळी विहिरीवर तुम्ही हातपाय धूत होता तेव्हा कसंबसं बोलले. तुम्ही विचारलंत, "कोनती दहा?" मी विहिरीजवळची ओळ दाखवली. तुम्ही म्हणालात, "ते तं सगळ्यात चांगली हायेत." मी म्हटलं, म्हणूनच पाहिजेत, साल जुनी आहे, फटी आहेत. तुम्ही टॉवेलने तोंड पुसलंत आणि म्हणालात, "घे." एवढंच. पुढे दोन वर्षं तुम्ही मलमाची बादली आणि ब्रश घेऊन त्या ओळीपाशी यायचात आणि ती ओळ सोडून पुढच्या ओळीला लागायचात.

खोडाभोवती गोणपाटाचा पट्टा बांधायचा, भुंगेरे सकाळ झाली की त्याच्याखाली येऊन लपतात, मग पट्टा उघडून मोजायचे, अशी पद्धत सरांनी सांगितली होती. मी पोतं फाडून पट्टे आणले होते. तुम्ही एक हातात घेऊन पाहिलात आणि म्हणालात, "याचे धागे लोंबून राहिले. त्याईच्या पायात अटकतीन." मग दाभण आणि सुतळी घेऊन तुम्ही कडुनिंबाखाली बसलात. एकेक कड आत दुमडून, शिवून, टोकाला बांधायला फास करून दिलात. दहा झाले तेव्हा मी म्हटलं, पुरे. तुम्ही म्हणालात, "अकोल्याच्या झाडाईले नको का?" विद्यापीठाच्या बागेतल्या झाडांसाठी आणखी वीस शिवलेत आणि संत्र्याच्या पेटीत घडी घालून माझ्याबरोबर दिलेत. होस्टेलवर मुली हसल्या. सरांनी मात्र शिलाई उलटसुलट करून पाहिली. "कोणी शिवले?" म्हणाले. मी म्हटलं, वडलांनी. "चांगले शिवले," सर म्हणाले. सर वाईट नव्हते, बाबा. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे ते वाईट वाटतील.

ठरलं असं, की विद्यापीठाच्या बागेतलं मी मोजायचं आणि आपल्या बागेतलं दर सोमवारी सकाळी तुम्ही. मी पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने यायची. अकोटवरून, अंजनगावावरून, परतवाड्याला गाडी बदलून. आले की आधी वही पाहायची. शंभर पानी वही होती ती, तुम्ही तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. तुम्ही सातवी शिकलेले. इंग्रजी तारखेच्या जागी तुम्ही महिना आणि पक्ष लिहायचात, श्रावण शुद्ध, भाद्रपद वद्य. भुंगेऱ्यांना तुम्ही तुमचीच नावं ठेवली होती. काळा लांबट तो धावऱ्या. हिरवा, उन्हात तांब्यासारखा झळकणारा तो चमक्या. पाठीवर पिवळे दोन ठिपके असलेला ठिपक्या. मी त्यांची लांबलचक लॅटिन नावं सांगितली तेव्हा तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि पुढच्या सोमवारी पुन्हा धावऱ्याच लिहिलंत.

एकदा तुम्हाला वेगळाच एक दिसला, आणि तो मला दाखवायचा म्हणून तुम्ही घरातली हाताला लागली ती डबी घेतलीत. ती हिंगाची होती. मी येईपर्यंत तो भुंगेरा चार दिवस हिंगाच्या डबीत राहिला. आईने वरणाच्या फोडणीसाठी डबी उघडली आणि जी किंचाळली! तो टुणकन ओट्यावर, ओट्यावरून भिंतीवर. तुम्ही पायातली चप्पल न काढता आत धावत आलात आणि चिमटीत पकडलात, तर त्याने तुमच्या बोटांवर काहीतरी सोडलं. तुम्ही बोटं हुंगलीत, मग आईच्या नाकाशी नेलीत. "पाय, चिंचेवानी आंबट वास." आई लाटणं घेऊन उभी. "किड्यासंगं जेवा आता," म्हणाली. त्या दिवशी हिंगाशिवाय वरण होतं आणि तुम्ही दोनदा मागून घेतलंत.

पहिल्या वर्षाच्या शेवटी तिसऱ्या झाडाला डिंक सुटला. तुम्ही फोन केलात. नवा फोन घेतला होता तुम्ही, आकडे एकेक करून दाबायचात आणि पलीकडे मी बोलले की आधी "लागला का?" असं विचारायचात. म्हणालात, "माय, तीन नंबरच्या झाडाले डिंक्या लागला. मलम लावू का?" मी म्हटलं, "नका लावू बाबा. अजून वर्षभर. सगळी मेहनत वाया जाईन." तुम्ही म्हणालात, "बरं." मी पुन्हा आले तेव्हा झाडाची एक बाजू वाळली होती. पुढच्या खेपेला झाड गेलेलं होतं. तुम्ही ते तोडलं नव्हतं, कारण त्याच्या खोडावर पट्टा होता आणि पट्ट्याखाली अजून भुंगेरे येत होते. वाळल्या झाडावर तुम्ही मोजत राहिलात. त्याबद्दल मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. चोवीस वर्षांची होते. मला वाटायचं, बापाचं झाड म्हणजे आपलंच झाड, त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं.

आता सरांच्या खोलीतली ती सकाळ. दोन्ही वर्षांचे आकडे घेऊन मी गेले. विद्यापीठाच्या बागेतलं चित्र सरळ होतं. पावसाळ्यात भुंगेरे वाढत जायचे, श्रावण-भाद्रपदात सगळ्यात जास्त, कार्तिकात ओसरायचे आणि थंडीत खोडं रिकामी. तुमच्या वहीतही तसंच होतं, फक्त पौष सोडून. पौषात तुमचे आकडे एकदम चढत होते. दोन्ही वर्षी. जवळजवळ भाद्रपदाइतके. त्या ओळींपुढे तुम्ही बारीक अक्षरात 'पा' असं लिहिलं होतं.

सरांनी चष्मा वर केला. "हे 'पा' म्हणजे काय?"

"पाऊस असेल, सर."

"जानेवारीत? दोन्ही वर्षी? अकोल्याला थेंब नाही पडला." त्यांनी वही मिटली आणि माझ्यापुढे सरकवली. आवाज चढवला नाही. "हे बघ, मी तुझ्या वडलांवर शंका घेत नाही. पण घरचा माणूस असला की असं होतं. मुलीला किडे पाहिजेत, तर मुलीला किडे मिळावेत असं वाटतं. थंडीत हे भुंगेरे जमिनीत, भेगांमध्ये असतात. खोडावर येणार कशाला? ही वही बाजूला ठेव. विद्यापीठाच्या बागेवर प्रबंध उभा राहतो."

मी तेव्हा काय म्हणायला पाहिजे होतं, ते मला आता पक्कं ठाऊक आहे. तेव्हा मी म्हटलं, "हो सर."

दुपारी होस्टेलच्या जिन्यात बसून तुम्हाला फोन लावला. "बाबा, पौषातले आकडे तुमी खरंच मोजले ना?"

"काहून?"

"सर विचारून राहिले."

पलीकडे पंपाचा आवाज येत होता. तुम्ही दूर चालत गेला असावात, कारण आवाज कमी झाला. "दर सोमवारी मोजले, माय. म्या बसल्या जागी लिवले असं वाटते का तुले?"

"नाई बाबा, तसं नाई."

"मंग सरायले सांग, एक दिवस इथं या म्हना. पौषात या. माया हातानं पट्टा खोलून दाखवतो." जरा थांबून म्हणालात, "जेवाले बी घालू म्हना."

तो निरोप मी सरांना कधीच दिला नाही. 'पा' म्हणजे काय, तेही तुम्हाला विचारलं नाही. बाबा, मी त्या दिवशी फोन ठेवला तेव्हा मनात सर खरे होते. तुम्ही माझ्यासाठी आकडे चढवले असतील असं मला वाटलं होतं, आणि त्याचा रागही नव्हता आला. उलट माया आली होती. ती माया आठवली की आता मला लाज वाटते, राग आला असता तर बरं झालं असतं.

प्रबंध झाला. काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा. एक प्रत मी घरी आणली. तुम्ही हात धुऊन आलात, चष्मा लावलात आणि बाजेवर मांडी घालून तो मांडीवर घेतलात. सगळं इंग्रजीत. पानं उलटत तुम्ही विचारलंत, "माये आकडे कोन्त्या पानावर हायेत?"

मी ते पान शोधण्याचं नाटक केलं. एक तक्ता आला, तिथे थांबले आणि म्हटलं, "हे पाहा."

"यात पौष कोन्ता?"

मी तुमचं बोट धरून जानेवारीच्या रकान्यावर ठेवलं. तुमच्या बोटाला मोरचुदाचा डाग होता. तुम्ही ते बोट रकान्यावरून वरून खाली नेलंत, सावकाश. मग म्हणालात, "बरं. बरं झालं, माय." आणि आईला हाक मारलीत, "अवं, पोरीचं तोंड गोड कर."

त्यानंतर जो कोणी घरी येई त्याच्यापुढे तुम्ही तो प्रबंध आणून ठेवायचात. पाव्हणे, व्यापारी, सोसायटीचे लोक. "हे पोरीचं पुस्तक. किडे म्या बी मोजले." मी तिथे असले तर उठून आत जायची. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, छातीत दुखायला लागलं आणि अमरावतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला नोकरी लागून तीन महिने झाले होते. खरं सांगायला वेळ आहे असं मी धरून चालले होते.

मग वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती आता कॉलेजात जाते. मी शिकवते, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात बोलते. मागच्या थंडीच्या सुरुवातीला पातूरकडच्या एका गावी बोलायला गेले होते. मित्रकिडींवर बोलून झालं आणि मी विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. मागून एक वयस्क बाई उठल्या. त्यांची लिंबाची बाग आहे. म्हणाल्या, "मॅडम, थंडीत निंबाले पानी देल्लं का दोन-तीन दिवसानं काये किडे खोडावर चढते. ते चांगले का वाईट?"

मी विचारलं, "थंडीत? पावसाळ्यात नाही?"

"पावसायात तं येतेच. पन थंडीत बी येते. ताण तोडला का येते."

मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. माईक हातात घेऊन मी उभी होते आणि मला दिसत होता तुमच्या बागेतला पाट. तुम्ही थंडी सरताना फुलणारा आंबिया बहार धरायचात. फुलं चांगली यावीत म्हणून मार्गशीर्षात झाडांना ताण द्यायचात, म्हणजे पाणी तोडायचात, काळ्या जमिनीला भेगा पडेपर्यंत झाडं तहानलेली ठेवायचात, आणि पौषात पाणी सोडून तो ताण तोडायचात. पाणी. 'पा' म्हणजे पाणी. भेगांत दडलेले भुंगेरे पाणी आत शिरलं की दुसरं काय करणार? जवळ खोड आहे, ते खोडावर चढत होते. विद्यापीठाच्या बागेत पावसाळ्यात फुलणारा मृग बहार धरला जायचा, तिथे पौषात ताण तोडायचा प्रश्नच नव्हता. म्हणून माझे रकाने रिकामे होते. संत्र्याच्या घरात वाढलेल्या मुलीला हे कळायला लिंबाच्या बागेतली एक परकी बाई लागली.

मी धाकट्याला फोन केला. त्याच्या बागेत आता सगळं ठिबक आहे. मी म्हटलं, यंदा ताण तोडशील तेव्हा एका ओळीला ठिबक बंद ठेव आणि पाटाने पाणी दे, बाकी ओळी तुझ्या पद्धतीने. तो म्हणाला, "त्यानं काय होईन?" मी कारण सांगितलं. तर तो म्हणाला, "मंजे धावऱ्या ना? बाबा तं मनतच होते, पाट फोडला का धावऱ्या वर चढते. हे का नवीन हाये?"

"मला कधी नाही म्हणाले."

"तू इचारलं नसन," धाकटा म्हणाला. तो सहज बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं.

मी सुट्टी टाकून पौषात घरी गेले. पट्टे मीच शिवले, तुमच्यासारखे जमले नाहीत. पाणी सोडल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी पाटाच्या ओळीतल्या पहिल्या झाडापाशी गुडघ्यावर बसले. जमीन अजून ओली होती, साडी भिजली. फास सोडला आणि पट्टा अलगद उलटला. खाली सात धावऱ्या होते, एकमेकांना खेटून, आणि एक चमक्या. ऊन लागल्याबरोबर पांगले. पुढच्या झाडावर, त्याच्या पुढच्या झाडावर, सगळीकडे. ठिबकाच्या ओळीत खोडं जवळजवळ रिकामी. मी तिथेच चिखलात बसून राहिले. तुमच्या वहीवर अविश्वास दाखवून मी पदवी घेतली होती आणि तुमची वही खरी होती. धाकटा आला, मला रडताना पाहून घाबरला. म्हणाला, "काय झालं, ताई? साप निंगला का?"

घरी येऊन आईच्या पेटीतून वही काढली आणि तुमची प्रबंधाची प्रतही काढली. वहीतले पौषाचे आकडे उतरवून घ्यायचे होते. प्रबंध सहज उघडला. त्या दिवशी तुम्हाला दाखवलेलं पान शोधलं. जानेवारीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यं होती. एकाखाली एक, नुसती शून्यं. मी घाईत पान दाखवलं होतं, रकान्यात काय आहे ते पाहिलंही नव्हतं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे? औषधाच्या बाटल्यांवरचे आकडे वाचून तुम्ही फवारणी करायचात. मला फोन तुम्ही स्वतः लावायचात. आणि शून्य तर कोणत्याही भाषेत शून्यच दिसतं.

आई तांदूळ निवडत होती. मी पान तिच्यापुढे धरलं आणि विचारलं, "आई, बाबाले माहीत होतं का?"

तिने पानाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "तवाच. तू अकोल्याले गेली अन् मले मनले, पोरीच्या पुस्तकात पौष कोराच हाये. म्या मनलं, मंग तिले इचारा. तं मनले, नको. सरायनं काढाले लावले असतीन. तिले आधीच वाईट वाटत असन, म्हनून तशी बोलली. इचारलं तं अजून लागन तिले."

"मंग लोकाईले काहून सांगत होते, माये आकडे हायेत म्हणून?"

"असं कवा मनले ते?" आईने हात थांबवला. "पुस्तक येयाच्या आंधी मनत. मंग नाई. मंग मनत, पोरीचं पुस्तक हाये, किडे म्या बी मोजले. मोजले तं होतेच ना त्याईनं?"

मी ते वाक्य कितीतरी वेळा ऐकलं होतं, बाबा, आणि दर वेळी उठून आत गेले होते. तुम्ही त्यात एकही शब्द खोटा येऊ दिला नव्हता आणि मलाही उघडं पडू दिलं नव्हतं. आई पुन्हा तांदळाकडे वळली. थोड्या वेळाने म्हणाली, "दुखलं होतं त्याईले. नाई असं नाई. दोन दिवस बागेत गेले नाई. मंग गेले." तिला हे सांगायचं नव्हतं की सांगायचंच होतं, कोण जाणे. मी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडायला लागले.

पुन्हा येणाऱ्या थंडीतही मोजायचं ठरवलं आहे, धाकटा दोन ओळी द्यायला तयार आहे. यंदाचे आकडे आणि तुमच्या वहीतली दोन वर्षं मिळून मी एक लेख लिहिला आहे. संशोधनाच्या मासिकाला पाठवायचा आहे. त्यात तुमचं नाव माझ्या नावाच्या आधी आहे. धावऱ्या, चमक्या ही नावंही घातली आहेत, लॅटिन नावांपुढे. सर निवृत्त होऊन गावी असतात. त्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी एकदा तिथे जायला पाहिजे होतं." मी तेव्हाही त्यांना सांगितलं नाही की तुम्ही बोलावलं होतं.

आणि लेखात एक वाक्य आहे. या नोंदी आधी का वापरल्या गेल्या नाहीत, ते वाचणारा विचारणारच, म्हणून ते वाक्य लिहावं लागलं. मी लिहिलं आहे, 'सदर नोंदी मूळ अभ्यासाच्या वेळी उपलब्ध नव्हत्या.' उपलब्ध होत्या. माझ्या टेबलावर होत्या. मी तीन वेळा ते खोडलं आणि तीन वेळा तसंच लिहिलं.

हे पत्र घडी करून तुमच्या वहीत ठेवून देईन, दुसरं कुठे टाकणार? शेवटी असं लिहिणार होते, की ते वाक्य मी उद्या बदलते. पण उद्या मी ते बदलीन की नाही हे मला आज खरंच माहीत नाही, बाबा, आणि तुमच्याशी आणखी एकदा खोटं बोलवत नाही.